फिल्म कॅमेऱ्यावर आयएसओ आणि एक्स्पोजर कसं लावायचं: पहिल्या रोलपासून

फिल्म कॅमेरा नुकताच हातात आलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास एक प्रश्न विचारतो: "बाहेरून घरात आलो, उजेड कमी झाला, आता आयएसओ २०० वरून ८०० करू ना?" मोबाइल आणि डिजिटल कॅमेऱ्यावर हात बसलेला असतो, त्यामुळे प्रश्नात काही वावगं वाटत नाही. फिल्मवर मात्र उत्तर 'नाही' असं आहे. ते 'नाही' का, हे एकदा नीट कळलं की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात.

फिल्म उजेडाला किती लवकर दाद देते (याच मापाला आयएसओ म्हणतात), हे ती कारखान्यात तयार होतानाच ठरतं. रोल कॅमेऱ्यात भरल्यापासून बाहेर काढेपर्यंत त्यात तसूभर फरक पडत नाही. कॅमेऱ्यावरची आयएसओची डायल फिल्मला हातही लावत नाही. कॅमेऱ्यातल्या मीटरला, म्हणजे प्रकाशमापकाला, आत कोणती फिल्म आहे एवढंच ती कळवते. आणि मीटर हा पक्का सांगकाम्या आहे. तुम्ही ४०० म्हणालात की तो ४०० धरून हिशेब करणार, आत १०० ची फिल्म असली तरी. ज्या कॅमेऱ्यात मीटरच नाही, तिथे ही चकती निव्वळ आठवणीची गाठ असते. लायका एम३ च्या पाठीवरची चकती तशीच आहे. ती कितीही फिरवा, कॅमेऱ्यात काही बदलत नाही.

डब्यावरचा आकडा

रोलच्या डब्यावर ठळक आकडा असतो: १००, २००, ४००. कधी तो 'आयएसओ १००/२१°' असा जोडीनेही छापलेला दिसतो. यातला पहिला आकडा जुन्या अमेरिकन एएसए पद्धतीतला आणि अंशाचं चिन्ह असलेला दुसरा जर्मन डीआयएन पद्धतीतला. १९७४ पासून या दोन पद्धती आयएसओच्या नावाखाली एकत्र आल्या. जुन्या कॅमेऱ्यावर नुसतं 'एएसए' लिहिलेलं असेल तर गोंधळू नका, एएसए ४०० म्हणजेच आयएसओ ४००. फक्त डीआयएन लिहिलेलं असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिथे ३ ने वाढ म्हणजे दुप्पट: २१ म्हणजे १००, २४ म्हणजे २००, २७ म्हणजे ४००.

आकडा दुप्पट झाला की लागणारा उजेड निम्मा होतो. ४०० च्या फिल्मला १०० च्या फिल्मपेक्षा चौथा हिस्सा उजेड पुरतो. त्या बदल्यात दाणा, म्हणजे ग्रेन, जाड होतो. पहिल्या रोलसाठी मी डोळे झाकून ४०० ची निगेटिव्ह फिल्म (जिच्यावर उजेड-सावली उलटी उमटते) सुचवतो, रंगीत असो वा कृष्णधवल. कोडॅक अल्ट्रामॅक्स ४०० किंवा इलफर्ड एचपी५ प्लस घेतली तर उन्हात, ढगाळ हवेत आणि खिडकीजवळ अशी तिन्हीकडे निभावते. ५० किंवा १०० ची बारीक दाण्याची फिल्म दिसते देखणी, पण संध्याकाळी पाच वाजता हात टेकते. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं), म्हणजे वेल्व्हिया ५० किंवा एक्टाक्रोम ई१०० यांसारखी, पहिल्या रोलला तर घेऊच नका. ती अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवते (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी).

हा आकडा दगडावरची रेघ आहे असंही समजू नका. १९६० मध्ये अमेरिकन मानक बदललं, त्यात पूर्वी धरलेली सुरक्षेची सूट काढून टाकली गेली आणि तीच ती ट्राय-एक्स फिल्म २०० ची ४०० झाली. आजही इलफर्ड डेल्टा ३२०० च्या डब्यावर ३२०० लिहिलेलं असतं, पण खुद्द इलफर्डच्या माहितीपत्रकात तिचा आयएसओ १००० दिलेला आहे. ३२०० हा आकडा जास्त वेळ डेव्हलप करण्याच्या हिशेबाने आलेला आहे. याचा उपयोग पुढे होईल.

डायल लावताना

बहुतेक जुन्या एसएलआर (आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या) कॅमेऱ्यांवर आयएसओची डायल दोनपैकी एका ठिकाणी सापडते. पेंटॅक्स के१००० वर ती शटरच्या चकतीतच आहे: बाहेरची कडी बोटांनी वर उचलायची, उचललेलीच फिरवायची आणि हवा तो आकडा छोट्या खिडकीत आला की सोडायची. निकॉन एफएम वरही कडी उचलूनच फिरवावी लागते. निकॉन एफई किंवा पेंटॅक्स एमई सुपर वर ती डाव्या बाजूला, रोल गुंडाळायच्या खुंटीभोवती असते आणि तिच्याच शेजारी एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा एकूण उजेड, कमी-जास्त करण्याचे आकडे असतात. इथे जपून. आयएसओ लावायला जाता जाता ते दुसरं कडं +१ वर सरकवून ठेवणारे पुष्कळ असतात. ऑलिंपस ओएम-१ ची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे इतर कॅमेऱ्यांवर शटरची चकती असते त्या जागी आयएसओची चकती आहे, आणि शटरचा वेग लेन्सच्या बुडाशी असलेल्या कड्यावर. नवखा माणूस वेग बदलतोय असं समजून आयएसओ बदलू लागतो. खटका दाबून कुलूप सोडल्याशिवाय ती चकती फिरत नाही, हे नशीब.

डायलवर सगळे आकडे लिहायला जागा नसते, म्हणून दोन आकड्यांच्या मध्ये दोन ठिपके किंवा रेघा असतात. १०० आणि २०० यांच्या मधले दोन ठिपके म्हणजे १२५ आणि १६०. २०० आणि ४०० यांच्या मधले २५० आणि ३२०. म्हणजे एफपी४ प्लस भरली असेल तर १०० च्या पुढचा पहिला ठिपका, पोर्ट्रा १६० असेल तर दुसरा.

१९८३ नंतरच्या अनेक कॅमेऱ्यांवर अशी डायल दिसणारच नाही. त्या वर्षी कोडॅकने डीएक्स कोड आणला: रोलच्या डबीवर रुपेरी आणि काळ्या चौकटी असतात, कॅमेऱ्याच्या आतल्या पिना त्या चाचपून आयएसओ ओळखतात. सोय उत्तम, पण दोन अडचणी आहेत. स्वस्तातले कॉम्पॅक्ट कॅमेरे कित्येकदा १०० आणि ४०० एवढाच फरक ओळखतात. आणि मोठ्या रिळातून कापून साध्या डबीत भरलेल्या फिल्मवर कोड नसतोच; अशा वेळी अनेक कॅमेरे मुकाट्याने १०० धरतात. तुमच्या कॅमेऱ्याची पुस्तिका काय म्हणते ते एकदा वाचा.

डायल लावायची वेळ एकच: रोल भरून झाल्यावर, मागचं झाकण बंद केल्या केल्या. नंतर लावू म्हणाल तर राहून जाईल. माझं राहून गेलं होतं. आधीचा रोल ४०० चा होता, नवा १०० चा भरला, डायल तशीच ४०० वर. सबंध रोल काढून झाला, डबी बाहेर काढून हातात घेतली तेव्हा तिच्यावरचा १०० दिसला. छत्तीसच्या छत्तीस फ्रेम दोन स्टॉप कमी. रोल अजून धुवायला दिला नव्हता म्हणून थोडं तरी सावरता आलं: लॅबला दोन स्टॉप पुश करायला, म्हणजे रोल रसायनात जास्त वेळ ठेवायला, सांगितलं. फोटो आले, पण सावल्यांत काजळी साचल्यासारखे. तेव्हापासून रोलच्या डब्याचा आकडा असलेला तुकडा फाडून मी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या खाचेत खोचतो. खाच नसेल तर कागदी चिकटपट्टीवर लिहून लावतो. गबाळं दिसतं, चालतं.

आणि रोल अर्धा झालेला असताना उजेड कमी झाला, म्हणून डायल २०० वरून ८०० केली तर? मीटर लगेच म्हणेल, "ठीक आहे, १/६० चालेल." फिल्म मात्र अजून २०० चीच आहे. फोटो दोन स्टॉप काळा येणार. अशा वेळी लेन्सचं छिद्र मोठं करा, शटर हळू करा, कॅमेरा कशावर तरी टेकवा, फ्लॅश वापरा किंवा फोटो सोडून द्या. डायलकडे हात नको.

बॅटरी

पूर्ण यांत्रिक कॅमेऱ्यात, म्हणजे के१०००, एफएम, ओएम-१ मध्ये, बॅटरी फक्त मीटरला लागते. ती संपली तरी शटर चालतं. कॅनन एई-१ सारख्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यात बॅटरी गेली की शटरच उघडत नाही. बॅटरी तपासायचं बटण असेल तर रोल भरण्याआधी दाबून बघा. के१००० च्या मीटरला बंद करायचं बटण नाही, लेन्सवर झाकण लावलं की ते झोपतं. म्हणून कॅमेरा ठेवताना झाकण लावायची सवय लावा. निकॉन एफएम वर फिल्म पुढे सरकवायचा दांडा थोडा बाहेर ओढला की मीटर जागं होतं. हे माहीत नसल्याने मीटर बिघडलंय असं समजणारे बरेच भेटतात.

१९६०-७० च्या दशकांतल्या पुष्कळ कॅमेऱ्यांत पीएक्स६२५ नावाची १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे. ओएम-१ त्यांपैकीच. पाऱ्यामुळे त्या बॅटऱ्या आता बनत नाहीत. त्याच आकाराची १.५ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी बसते आणि काटाही हलतो, पण विद्युतदाब जास्त असल्याने मीटर उजेड जास्त दाखवतं आणि फोटो काळपट येतात. कानाच्या यंत्राला लागणारी झिंक-एअर बॅटरी साधारण १.४ व्होल्टची असते, ती पाऱ्याच्या जवळ जाते. आकाराने लहान असली तर भोवती रबराची कडी घालून बसवता येते.

स्टॉप म्हणजे काय

आता छिद्र आणि शटर. दोन्ही आकड्यांचे खेळ आहेत आणि दोन्हीकडे एक पायरी म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. त्या पायरीला स्टॉप म्हणतात.

शटरच्या चकतीवर १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० असं लिहिलेलं असतं. ते सेकंदाचे भाग आहेत: १२५ म्हणजे १/१२५ सेकंद. लेन्सच्या कड्यावर १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. इथे आकडा वाढला की छिद्र लहान होतं. का, तर हा आकडा म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून आलेलं उत्तर आहे. ५० मिमीच्या लेन्सचं छिद्र २५ मिमी रुंद असेल तर एफ/२. आकडे दुपटीने न वाढता १.४ पटीने वाढतात, कारण उजेड व्यासावर अवलंबून नसून क्षेत्रफळावर असतो. एवढं पाठ करायची गरज नाही. कडं एक खटका सरकवलं, तर शटर एक खटका उलट सरकवायचं, बस.

उदाहरणार्थ मीटर म्हणालं १/१२५ आणि एफ/८. तुम्हाला पळणारं मूल टिपायचंय, तर १/५०० आणि एफ/४ लावा. समोरच्या फुलापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं ठळक हवंय, तर १/३० आणि एफ/१६. फिल्मवर पोचणारा उजेड तिन्ही वेळा सारखाच. चित्र मात्र तीन वेगळी.

आयएसओसुद्धा याच मापात मोजतात. १०० ते २०० एक स्टॉप, १०० ते ४०० दोन. डायलवरचे मधले ठिपके तिसऱ्या हिश्शाचे.

शटरच्या दोन आकड्यांच्या मध्ये चकती ठेवू नका, यांत्रिक शटरला मधला वेग बहुधा नसतोच. अर्धा स्टॉप हवा असेल तर छिद्राचं कडं दोन आकड्यांच्या मध्ये ठेवा, ते चालतं. झॉर्की किंवा फेडसारखा जुना सोव्हिएत रेंजफाइंडर (लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा) असेल तर वेग बदलायचा तो फिल्म पुढे सरकवून झाल्यावरच. आधी बदललात तर आतली रचना बिघडू शकते.

हातात धरून काढताना लेन्सच्या नाभीय अंतराएवढा तरी वेग ठेवावा: ५० मिमीला १/६०, १३५ मिमीला १/१२५, जमलं तर १/२५०. जुन्या कॅमेऱ्याचा १/१००० हा वेग वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग न झाल्याने सहसा सुस्तावलेला असतो, त्यामुळे मी शक्यतो १/२५० च्या आसपास राहतो आणि छिद्राने भागवतो.

मीटर वाचणं

व्ह्यूफाइंडरमधून बघा. के१००० मध्ये उजवीकडे काटा वर-खाली होताना दिसेल. तो मधोमध आला की एक्स्पोजर बरोबर. एफएम मध्ये अधिक, शून्य आणि उणे असे तीन लाल दिवे आहेत, शून्य लागला पाहिजे. एफई किंवा एमई सुपर मध्ये तुम्ही छिद्र ठरवायचं, वेग कॅमेरा ठरवतो. एई-१ मध्ये तुम्ही वेग ठरवायचा, छिद्र कॅमेरा.

मी स्वतः या क्रमाने जातो. आधी ठरवतो की मला वेग महत्त्वाचा आहे की खोली, म्हणजे जवळपासून लांबपर्यंत किती भाग ठळक येतो ते. वेग महत्त्वाचा असेल तर शटर आधी लावतो आणि छिद्राचं कडं फिरवत काटा मध्यावर आणतो. नाहीतर उलट. मग कॅमेरा किंचित खाली झुकवून आभाळ फ्रेमबाहेर काढतो आणि काटा हलतो का ते बघतो. हललाच, तर खाली झुकवलेलं माप खरं मानतो, आकडे तसेच ठेवतो, पुन्हा वर येऊन चौकट बांधतो आणि खटका दाबतो. काटा आता मध्यावर नसेल. नसू दे. पहिले काही दिवस हे जिवावर येतं, काट्याची अवज्ञा केल्यासारखं वाटतं.

मीटर फसतं तिथे

सांगकाम्याला समोर काय आहे ते कळत नाही. त्याला फक्त किती उजेड परावर्तित होऊन आला ते कळतं, आणि समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं तो गृहीत धरतो. रस्ता, गवत, विटांची भिंत, सावळी कातडी, यांच्या बाबतीत हे गृहीतक जवळपास खरं ठरतं. बर्फ, पांढरी वाळू किंवा चुन्याची भिंत समोर आली की मीटरला वाटतं उजेड फार आहे, तो एक्स्पोजर कमी करायला लावतो, आणि बर्फ राखेसारखा येतो. तिथे मीटरने सांगितल्यापेक्षा एक ते दोन स्टॉप जास्त द्या. काळ्या कोटातला माणूस काळ्या पडद्यापुढे उभा असेल तर उलट: एक ते दोन स्टॉप कमी. पांढऱ्याला वाढवा, काळ्याला घटवा. हे ऐकायला उलटं वाटतं आणि म्हणूनच लक्षात राहतं.

सगळ्यात जास्त रोल वाया जातात ते पाठीमागून येणाऱ्या उजेडात. माणूस खिडकीपुढे उभा आहे, मीटर खिडकी मोजतं, माणसाचा चेहरा कोळसा होतो. जवळ जा, नुसत्या चेहऱ्याचं माप घ्या, मागे येऊन त्याच आकड्यांवर फोटो काढा. जवळ जाता येत नसेल तर दीड-दोन स्टॉप वाढवा. एई-१ वर यासाठी वेगळं बटण आहे, ते दाबून धरलं की एक्स्पोजर दीड स्टॉप वाढतं.

आणखी एक युक्ती मला फार आवडते, कारण तिला काही विकत घ्यावं लागत नाही. आपला तळहात, ज्या उजेडात विषय आहे त्याच उजेडात धरा, फक्त तळहाताचं माप घ्या आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्या. कातडीचा रंग कोणताही असो, तळवे बहुतेकांचे मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतात.

कृष्णधवल फिल्मसाठी लेन्सवर रंगीत फिल्टर लावलात तर उजेड कमी होतो: पिवळ्याने सुमारे एक स्टॉप, लालने सुमारे तीन. मीटर लेन्समधून बघत असेल तर तो हे आपोआप धरतो. मीटर बाहेरचं असेल तर ही भर तुम्ही घालायची.

मीटर मेलं तर

उन्हाचा नियम प्रत्येकाने तोंडपाठ ठेवावा, मीटर धडधाकट असलं तरी. लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ/१६ आणि शटर आयएसओच्या आकड्याजवळचं. १०० ची फिल्म असेल तर १/१२५, २०० ची असेल तर १/२५०, ४०० ची असेल तर १/५००. मग सावलीकडे बघा. सावलीची कड कापल्यासारखी धारदार असेल तर एफ/१६. कड मऊ झाली तर एफ/११. सावली जेमतेम दिसत असेल तर एफ/८. सावलीच पडत नसेल, आभाळ भरलेलं असेल तर एफ/५.६. विषय स्वतःच इमारतीच्या किंवा झाडाच्या सावलीत उभा असेल तर एफ/४. बर्फ किंवा चमकणाऱ्या वाळूत एफ/२२. रात्री घरात दिव्याखाली ४०० च्या फिल्मवर एफ/२ आणि १/३० च्या आसपास सुरुवात करा.

याच नियमाने मीटरची परीक्षाही होते. नवा-जुना कॅमेरा घेतलात की लख्ख उन्हात, सूर्य पाठीशी ठेवून, गवताकडे किंवा करड्या भिंतीकडे रोखा. डायल १००, शटर १/१२५. मीटर एफ/११ ते एफ/१६ म्हणालं तर ते भरवशाचं. एफ/५.६ म्हणालं तर त्याचं ऐकू नका, किंवा किती चुकतंय ते मोजून डायलने भरून काढा. मोबाइलवरचं मीटरचं अ‍ॅपही पडताळणीला पुरतं.

मुद्दाम खोटं सांगणं

डायल फक्त मीटरशी बोलते हे कळल्यावर मनात येतंच: मग आपण तिला जाणूनबुजून खोटं सांगू शकतो की! सांगू शकतो, आणि अनुभवी लोक नेहमी सांगतात.

रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड दोन स्टॉपपर्यंत सहज पचवते. कमी उजेड मात्र तिला एक स्टॉपही जड जातो. निगेटिव्हवर जिथे उजेड पडतो तिथे घनता तयार होते. सावलीतल्या भागावर पुरेसा उजेड पोचलाच नाही तर फिल्म तिथे कोरी राहते आणि कोऱ्यातून लॅब काय काढणार? म्हणून ४०० ची फिल्म भरून डायल ३२० किंवा २०० वर ठेवायची आणि रोल नेहमीसारखाच धुवून घ्यायचा. डायल २०० वर ठेवली की मीटर प्रत्येक फ्रेमला एक स्टॉप जास्त मागतं. लक्षात घ्या, आकडा कमी केला की उजेड जास्त मिळतो. सुरुवातीला सगळे इथे उलटं करतात. स्लाइड फिल्मला हा लाड चालत नाही. तिला जास्त उजेड दिला तर उजळ भाग पुसून जातात. तिथे डब्यावरचाच आकडा.

एक्स्पोजर कमी-जास्त करायचं कडं आणि आयएसओची डायल मीटरच्या दृष्टीने एकच काम करतात. +१ आणि '४०० ऐवजी २००' यांत काही फरक नाही. म्हणून दोन्ही एकाच वेळी फिरवू नका. सबंध रोलसाठी बदल हवा असेल तर आयएसओ. एखाद्या फ्रेमपुरता हवा असेल तर कडं, आणि फ्रेम झाली की ते शून्यावर. ज्या कॅमेऱ्याला असं कडं नाही, त्यावर आयएसओ डायल एका फ्रेमपुरती फिरवून परत आणता येते. परत आणायची आठवण राहणार असेल तरच.

दुसऱ्या दिशेचं खोटं म्हणजे पुश. ट्राय-एक्स किंवा एचपी५ प्लस भरायची, डायल १६०० वर ठेवायची, सगळा रोल त्याच आकड्यावर काढायचा आणि लॅबला 'दोन स्टॉप पुश' सांगायचं. ते रोल रसायनात जास्त वेळ ठेवतात. उजळ भाग त्याने दाट होतात, सावल्या मात्र फारशा परत येत नाहीत. त्यामुळे चित्र कडक आणि दाणेदार होतं. रात्रीच्या कार्यक्रमाला, रंगमंचाला ते शोभूनही दिसतं. अट एकच: पुश सबंध रोलला होतो, अर्ध्याला नाही. डबीवर लगेच लिहून ठेवा, '१६०० वर काढला, +२'. लॅबला सांगायचं राहिलं तर मी वर सांगितलेली काजळी तुमच्याही वाट्याला.

मुदत संपलेल्या फिल्मसाठी एक ढोबळ हिशेब चालतो: रंगीत निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त. २०० ची फिल्म वीस वर्षं जुनी असेल तर डायल ५० वर. फिल्म कुठे, किती गरमीत पडून होती यावर सगळं अवलंबून, म्हणून महत्त्वाच्या प्रसंगाला ती नेऊ नका.

फ्लॅश आणि लांब एक्स्पोजर

फ्लॅश लावला तर शटरचा वेग कॅमेऱ्याच्या सिंक वेगापेक्षा (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत जास्त वेगापेक्षा) जास्त नको: के१००० ला १/६०, एफएम ला १/१२५. जास्त ठेवलात तर फोटोचा एक पट्टा काळा येतो. फ्लॅशच्या पाठीवरही आयएसओचा तक्ता असतो, तिथेही फिल्मचा आकडा लावायचा.

सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, मीटरने सांगितलेला वेळ पुरत नाही. एचपी५ प्लसला मीटर १० सेकंद म्हणालं तर सुमारे २० द्यावे लागतात. प्रत्येक फिल्मचा तक्ता निराळा, तो तिच्या माहितीपत्रकात असतो.

रोल धुवून आल्यावर

पहिल्या दोन रोलना वही ठेवा. फ्रेमचा क्रमांक, वेग, छिद्र, उजेड कसा होता, एवढे चार शब्द. एकाच दृश्याच्या तीन फ्रेम काढा: मीटर म्हणतं तशी एक, एक स्टॉप जास्त, एक स्टॉप कमी. तीन फ्रेम खर्ची पडतात, पण त्या तुमच्याच कॅमेऱ्याबद्दल, तुमच्याच मीटरबद्दल सांगतात.

लॅबकडून निगेटिव्ह परत मागून घ्या. स्कॅन करताना संगणक उजेड सावरून घेतो, त्यामुळे नुसत्या स्कॅनवरून एक्स्पोजर कळत नाही. निगेटिव्ह खिडकीसमोर धरा आणि आधी कडेचे फ्रेम क्रमांक बघा. ते कारखान्यातच फिल्मवर उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. क्रमांक ठळक आहेत पण चित्रं फिकट, काचेसारखी पातळ, तर उजेड कमी पडला: तुमची डायल, मीटर किंवा बॅटरी तपासा. क्रमांकही फिकट असतील तर धुण्यात गडबड आहे. क्रमांक ठळक आणि बाकी सगळं कोरं, तर फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती. पुढच्या वेळी दांडा ओढताना डावीकडची खुंटी फिरते का ते बघा. चित्रं गडद आणि दाट असली तरी घाबरू नका, निगेटिव्हमध्ये ते बहुतेक वेळा चालून जातं.

सावल्यांचे भाग सगळ्याच फ्रेममध्ये कोरे दिसत असतील, आणि बॅटरी-मीटर ठीक असेल, तर पुढचा रोल त्याच फिल्मचा घ्या आणि डायल ४०० ऐवजी २५० वर ठेवा. त्यातही कोरे आले तर २००.